बेडकांची अंघोळ

अहो,

दुसऱ्या बेडकाला घेऊन मी डॉक्टरांकडे जाते आहे. तो पाय पसरून पडलाय, पण श्वास चालू आहे. सकाळी मेलेला खोक्यात घालून मागच्या दारी ठेवलाय. चिगुसा शाळेतून आल्याशिवाय त्याला पुरू नका.

"हाताळून हाताळून मारलंस त्याला," असं तुम्ही तिला म्हणालात. पोरगी न जेवता शाळेत गेली. नवे बेडूक हाताळल्याने खचतात हे खरं, पण तिने त्यांना बोटही लावलं नव्हतं. मी फोन केला तेव्हा डॉक्टरांनी आधी पाण्याचंच विचारलं. बेडूक कातडीने पाणी पितो, त्यामुळे पाण्यात असेल ते सगळं त्याच्या अंगात जातं.

ते ऐकून तुमच्या आई आपणहून म्हणाल्या, "बिचारे गारठले होते गं. आपल्या सगळ्यांच्या अंघोळी एकाच पाण्यात झाल्या की टबातलं ते कोमट पाणी मीच त्यांच्या डब्यात ओतायचे. घरात आणलं, मग त्यांनाच परकं का ठेवायचं?"

त्या पाण्यात आपली युझू लिंबाच्या वासाची अंघोळीची पूड असते.

आईंना काही बोलू नका. त्या मघापासून तो रिकामा डबा घासत बसल्यात. भात कुकरमध्ये आहे, मासा तेवढा भाजून घ्या.

चिगुसाची मात्र माफी मागा. तोंडाने जमणार नसेल, तर घरच्या कर्त्याच्या मानाची पहिली अंघोळ रोज तुमची असते, ती आज करू नका. टब भरला की तिला आधी जायला सांगा. तिला कळेल.

शिहो