शुभांगीला पाडलं कोणी, याचा खुलासा

रिहे, ता. मुळशी
रविवार, दुपार

आदरणीय व्याही दयानंदराव यांस, बार्शी मुक्कामी, बहिरूचा हात जोडून नमस्कार.

तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनला महिना झाला, तेव्हा हे अक्षर दिसत असेल असं धरून चालतो. (नसेल तर धाकट्या जान्हवीकडून वाचून घ्या, फक्त मधला भाग तिला हळू वाचायला सांगा.) विहीणबाईंचे गुडघे कसे आहेत? निरगुडीच्या पाल्याचा शेक सोडू नका. जान्हवीची परीक्षा पार पडली का? म्हशीच्या पायाची सूज उतरली का? इकडे आमच्या रत्नाबाईची शुगर जागेवर आहे, किशोर निम्मा हिंजवडीच्या कंपनीत आणि निम्मा तिथल्या रस्त्यावर राहतो, मी ठणठणीत आहे. आणि तुमची शुभांगी, म्हणजे आमची सूनबाई, हिच्या डाव्या मनगटाचं प्लॅस्टर मंगळवारी निघालं. डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय, जानेवारीत सायकल चालवायला हरकत नाही.

आता त्या सायकलीबद्दलच लिहायचं आहे. मनगट मोडल्यावर तुम्ही तिच्याकडून शब्द घेतलात की डोंगरावरून सायकल उतरवणं कायमचं बंद. तिनं दिलाही. पण जानेवारीत तिची अंतिम शर्यत आहे. पोरगी सायकलवर चादर टाकून ऑफिसला जाते आणि संध्याकाळी त्या चादरीकडे बघत जेवते. तो शब्द तुम्ही मोकळा करावा म्हणून हे पत्र. (समोरासमोर तुम्ही बोलता आणि मी ऐकतो, त्यामुळे लेखी बरं.)

तुम्हाला वाटत असेल, ही शर्यत म्हणजे मेंढरांसारखी सगळ्यांनी एकदम उधळायचं. तसं नाही. डोंगराच्या माथ्यावरून एकेक जण मिनिटामिनिटानं सोडतात आणि वेळ मोजतात. वाट जेमतेम एका बैलाच्या अंगाएवढी. मागचा जोरात असला की पुढच्याला गाठतो, आणि तिथं रीत लागते. मागच्यानं लांबूनच ओरडून सांगायचं की कुठल्या बाजूनं येतोय. पुढच्यानं मान वळवायची नाही, मध्येच ब्रेक दाबायचा नाही, आपली रेघ धरून जायचं आणि पहिली रुंद जागा आली की बाजू द्यायची. तोवर मागच्यानं धीर धरायचा. जो पडेल त्यानं आधी सायकलीसकट वाटेबाहेर व्हायचं, काय मोडलं ते नंतर बघायचं. मला हे चटकन पटलं, कारण खाचराच्या बांधावर आमचा कायदा असाच आहे, डोक्यावर भारा असेल त्याला बांध द्यायचा आणि रिकाम्यानं चिखलात उतरायचं. (रिकाम्याच्या अंगात इस्त्रीचे कपडे असले की तो उतरत नाही. शेजारच्या नांदे गावात आता बहुतेक इस्त्रीवालेच झालेत.) शुभांगी ही रीत इतकी पाळते की सरावात एका बाईंच्या मागे तिनं अर्धा डोंगर कळ काढली आणि रुंद जागा आल्यावर त्यांचे आभार मानून पुढे गेली. आमच्या एसटीच्या रांगेत असं माणूस मी पाहिलेलं नाही.

शर्यत भरवणारा अमोघ म्हणून पुण्याचा मुलगा आहे, फार नम्र. तिसरं वळण आमच्या खाचराला लागून, म्हणून मागच्या, निवडीच्या शर्यतीला तिथं त्यानं मला मार्शल नेमलं. एक पिवळा झेंडा, एक शिट्टी, एक प्लॅस्टिकची खुर्ची. कोणी पडलं की शिट्टी मारायची, वरच्यांना झेंडा दाखवायचा आणि पडलेल्याला वाटेबाहेर काढायचं. अकरा वाजेपर्यंत कोणी पडेना, मला जरा अवघडल्यासारखं झालं. मग नांद्याचा पियूष माझ्या पुढ्यातच पडला. कोपर खरचटलं. आता आपल्या शेताशी माणूस पडला तर आपण काय करतो? बसवतो, पाणी देतो, कोणाचा कोण ते विचारतो. बाजूला कुसळं होती, म्हणून मी खुर्ची वाटेच्या मधोमधच मांडली आणि त्याला बसवलं. स्वच्छ फडकं म्हणून जवळ झेंडाच होता, तो कोपराला बांधला. शिट्टीला तोंड रिकामं नव्हतं, कारण मी आळी विचारत होतो. पोरगा निघाला रत्नाबाईच्या मावसभावाचा नातू. मग नुसतं पाणी बरं दिसेना, मी तिला चहाची हाक दिली.

ती बांधावरनं म्हणाली, "वाटंतच पंगत मांडलीया व्हय? त्याला बाजूला तरी घ्या."

"पाव्हना हाय. दम तर खाऊ दे त्याला."

तेवढ्यात वरून आवाज आला, "रायडर, उजवीकडून." शुभांगीच ती, वळणावरून तिला पियूषचं हेल्मेट तेवढं दिसलं असणार. आवाज घरचा. घरच्या माणसानं मागून हाक मारली की आपण वळून 'काय गं' म्हणतो. मी वळलो, आणि वळताना पाऊल नेमकं तिच्या बाजूला पडलं. तिच्यापुढे आता खुर्चीवर पाहुणा, हातात तांब्या घेतलेला सासरा आणि कडेला भाताच्या पेंढ्यांची उडवी. तिनं उडवी निवडली. उडवीनं तिला झेललंही, पण पलीकडच्या बांधाच्या दगडानं मनगट धरलं.

दयानंदराव, पुढचं मी उभं राहून पाहिलंय. ती उठली. एका हातानं सायकल ओढून बाहेर काढली, वर तोंड करून मागच्याला थांबवलं, पियूषला खुर्चीसकट सरकवलं. मग म्हणाली, "आबा, तुम्हाला लागलं नाही ना?" आणि मगच हात धरून खाली बसली.

तुम्हाला कळवलं ते 'सायकल घसरली' एवढंच. व्याह्यांमध्ये माझं हसं होऊ नये म्हणून तिनं सायकलीवर आळ घेतला, किशोरनं री ओढली, आणि मी तांब्या घासत बसलो. सायकल घसरली नव्हती. मी आडवा आलो होतो. राग असेल तो माझ्या नावानं पाठवा.

सर्वांना नमस्कार, जान्हवीला आशीर्वाद.

आपला,
बहिरू

ता. क. अमोघनं मला अंतिम शर्यतीत बक्षिसाच्या मंडपात बसायला सांगितलं आहे, वळणावर नाही. (चहा-पाण्याचं तुम्हीच बघा, म्हणाला.) तिसरं वळण त्यामुळे मोकळं आहे. तुम्ही शाळेत एकोणतीस वर्षं पीटी घेतलीत आणि तुमच्या शिट्टीनं पोरं एक पाय हवेत ठेवून थांबायची, असं शुभांगी सांगते. मी तुमचं नाव देऊन टाकलं आहे.

ता. क. दुसरी. तिच्या स्वतःच्या नावाचा फॉर्म मात्र अजून कोराच आहे, मुदत येत्या शनिवारच्या पुढच्या शनिवारी संपते. मी म्हटलं, भर की, बार्शीवरनं कोण बघतंय. ती म्हणाली, "आप्पांचं उत्तर येऊ द्या." तेव्हा दोन ओळी लवकर लिहा. रागावून लिहिल्यात तरी चालतील, पण मुदतीच्या आत पोचू द्या.