दाराबाहेर राहिलेल्या चपला

अल नस्र, दोहा
१२ मार्च १९९९

माझ्या लाडक्या आईस,

आम्ही सुखरूप आहोत. इथे अजून चर्च नाही. घरातल्या प्रार्थनेकडे सरकार काणाडोळा करतं, पण गाजावाजा चालत नाही. म्हणून शुक्रवारी आमच्या फ्लॅटवर जमलो की चपला आत घेतो. आज तुझा जावई विसरला, आणि बारा जोड दाराबाहेरच राहिले.

गीत चालू असताना बेल वाजली. वॉचमन होता, गाडी काढा म्हणाला. तो गेल्यावर आधी सगळ्या चपला आत ओढल्या. सायमनवर खूप खेकसले.

तुझा गुडघा कसा आहे? जपमाळ पोस्टाने पाठवू नकोस हं, इथे पाकिटं उघडून बघतात.

मे महिन्यात आम्ही सुट्टीला आलो की तुझ्या नातीला, स्टेफीला, आपल्या चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसव. ती प्रार्थनेत नुसते ओठ हलवते. देवाला मोठ्याने हाक मारली की पोलीस येतात, असं तिला वाटतं.

तुझीच,
नोरा