विहारात गेलेलं दार

मु. धामणखेड
११ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप संघपालमामा आणि सिंधूमामी यांस,
अपेक्षाचा सविनय जयभीम. वि. वि.

मागच्या पत्रात मी तुम्हाला एक गोष्ट चुकीची कळवली. जमादार प्रेमदादाला न्यायला आले तेव्हा दादाने दार लावून घेतलं, असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. दादाने दार लावलं नाही, कारण त्या दिवशी आपल्या घराला दारच नव्हतं.

पोरीचं डोकं फिरलं असं समजू नका. परवा मी दाराला तेलाचा हात देत होते, तर आतल्या बाजूला मेणाचे थेंब दिसले, एका ओळीत सहा-सात. नखाने खरवडता खरवडता माझा हात थांबला. जयंतीला विहारापुढच्या मंचावर टेबल म्हणून दरवर्षी आपलंच दार जातं. एवढं रुंद सागवानी दार गावात दुसरं नाही. दोन ड्रमवर आडवं टाकतात, वर निळं कापड अंथरतात आणि त्यावर मेणबत्त्या. यंदा गोकुळदादा आणि मंडळाची पोरं ते बारा एप्रिललाच काढून घेऊन गेली. परत आलं सोळाला. जमादार आले तेरा तारखेला दुपारी तीन वाजता. चौकटीत तेव्हा आईच्या जुन्या लुगड्याचा पडदा होता.

मग मी तसं का बोलले? त्या संध्याकाळी ठाण्यात माझा जबाब घेतला. जमादारांनी विचारलं की मग त्यानं दार लावलं ना. मी हो म्हणाले. हो म्हटलं की घरी जाऊ देतील, एवढंच तेव्हा कळत होतं. नंतर इतक्या जणांना तेच सांगितलं की मला कडीचा आवाजसुद्धा आठवायला लागला.

खरं घडलं ते असं. दादा चौकटीत उभा राहून म्हणाला की बाजारातली मारामारी झाली तेव्हा मी लोणारले होतो, मले काऊन नेता ते कागदावर दाखवा. जमादार चिडले. आईने घाबरून पडदा ओढला. ते शिव्या देत निघून गेले आणि संध्याकाळी चौघांना घेऊन आले. मारामारीच्या फिर्यादीत दादाचं नाव शेवटी निघालंच नाही. राहिली ही केस: सरकारी कामात अडथळा, अटकेला विरोध, आणि दार आपटून जमादारांची उजव्या हाताची बोटं चेंगरली.

आता मुख्य काळजी. सरकारी साक्षीदारांच्या यादीत तिसरं नाव माझं आहे. दादाची एसटीत कंडक्टर म्हणून झालेली निवड या केसपायी अडकली आहे. एप्रिलअखेर निकाल लागला नाही, तर निवड यादीच रद्द होईल. मी तेच बोलले तर दादा जातो. बदलून बोलले तर मला फितूर म्हणतील, भावासाठी खोटं बोलते म्हणतील. दादा मला एका शब्दाने बोलत नाही, त्याचंच जास्त लागतं.

शाळेत जायच्या आधी समन्सच्या कोऱ्या पाठीवर तुम्ही मला अक्षरं शिकवलीत. पाहिलं ते लिहायचं, वाटलं ते नाही, हेही तेव्हाच सांगितलंत. तुमच्याच विद्यार्थिनीने हे केलं. रागवा, पण माया कमी करू नका.

तुमची भाची,
अपेक्षा

*

मलकापूर
१७ नोव्हेंबर २०२५

चि. अपेक्षास,
सप्रेम जयभीम आणि मंगलकामना.

पत्र पोचलं. तुझ्या मामीने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. मला ऐकू येत नाही हे ती दर वेळी विसरते. शेजाऱ्यांना मात्र सगळं कळलं. नंतर मी स्वतः वाचलं, दोनदा.

एकतीस वर्षं मी कोर्टाचा बेलिफ होतो. समन्स कोणी घेतलं नाही की दारावर डकवायचं, हे माझं काम. माणसांचे चेहरे विसरलो असेन, दारं विसरलो नाही. आणि माझ्या सख्ख्या बहिणीच्या घराला दार नाही हे मला दिसलं नाही! चौदा तारखेला प्रेमच्या जामिनासाठी मी आलो, पडदा सारून घरात गेलो आणि संध्याकाळी विहारात त्याच दारावर मेणबत्ती लावली. त्या सहा-सात थेंबांत एखादा माझा असेल. तेव्हा मूर्ख तू एकटी नाहीस बापा, घराणंच आहे.

आता ऐक. पोलिसांपुढचा जबाब शपथेवरचा नसतो. कोर्टात बोलशील ते शपथेवर. भीतीने बोललेलं शपथेवर दुरुस्त करणारा माणूस फितूर नसतो, मग सरकारी वकील काहीही म्हणोत. पण एक पथ्य पाळ. मी तसं बोललेच नव्हते, असं चुकूनही म्हणू नको. तू बोललीस. कोणी विचारायच्या आत तूच सांग.

प्रेमच्या जयमाला वकीलबाईंना हे सगळं उद्याच्या उद्या सांग. त्यांना म्हणावं, घराचा पंचनामा कोणत्या तारखेचा आहे ते बघा. कागद हातात आला की मी आधी तारीख वाचायचो. आणि गोकुळकडून जयंतीचे सगळे फोटो घे. चांगले आलेले नको, वाकडेतिकडे आलेलेच पाहिजेत. चांगल्या फोटोत नुसते पाहुणे असतात.

रडून राह्यली असशील तर नाक पूस आणि एसटी पकड. तुझ्या आईला, जनकाला म्हणावं, भावाची फिकीर करू नको, कान गेले तरी हात चालतो.

तुझं अक्षर अजून मी शिकवलेल्या वळणाचं आहे, ते मोडू नको.

तुझा मामा,
संघपाल

*

धामणखेड
२२ जानेवारी २०२६

ती. मामा-मामींना,
अपेक्षाचा जयभीम.

परवा साक्षी झाल्या. लगेच लिहिणार होते, पण काल घाईत लिहिलं असतं तर तुमचं वळण मोडलं असतं.

आधी जमादारांची साक्ष. मी साक्षीदार म्हणून बाहेरच्या बाकावर, त्यामुळे हे दादाकडून ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही. जयमालाबाईंनी आवाज चढवला नाही. दार कसं होतं, एवढंच विचारलं. जमादारांनी बरोबर सांगितलं: सागवानी, रुंद, आतून लोखंडी कडी, कडीच्या वर दोन आडवे चरे. इतकं बारीक कसं पाहिलं, असं विचारल्यावर म्हणाले की बोटं सापडली तेव्हा दार नाकासमोरच होतं. मग बाईंनी पंचनामा दाखवला. तो सतरा तारखेचा निघाला, मामा! दार परत आलं त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. दार त्यांनी तेव्हाच पाहिलं होतं.

पुढे बाईंनी विचारलं की जयंतीचा बंदोबस्त तुमच्याकडेच होता ना. हो म्हणाले, वर स्वतःहून सांगितलं की तेरालाच दुपारी बारा वाजता मंच तपासला होता, टेबल-माइक सगळं लागलेलं होतं, चौदालाही तेच. मग बाईंनी तुम्ही मागवलेला, चौदा तारखेचा वाकडा फोटो पुढे ठेवला. गोकुळदादाने तो पुसून टाकायचा ठेवला होता, कारण पाहुण्यांचं डोकं कापलं गेलंय. पण कडेला जमादार पूर्ण आलेत. उजव्या हातात बुंदीच्या लाडवांची पत्रावळ, त्या हाताला ना पट्टी ना चिंधी, आणि डावा कोपर टेबलावर टेकलेला. निळं कापड एका बाजूने सरकलंय. खाली लोखंडी कडी लोंबते आहे आणि तिच्या वर दोन आडवे चरे.

तुम्ही कशावर टेकला आहात, असं बाईंनी विचारलं. जमादार म्हणाले, टेबलावर. आत लोक हसले ते मला बाहेर ऐकू आलं. मला वाटलं दादालाच हसतात.

मग मला बोलावलं. शपथ घेतली आणि तुम्ही सांगितलं तसं केलं. प्रश्न यायच्या आत सांगितलं की मी ठाण्यात दार लावल्याचं बोलले होते, ते माझेच शब्द आहेत आणि ते चुकीचे आहेत. सरकारी वकिलांनी मला फितूर जाहीर करायला परवानगी मागितली. त्यांनी विचारलं की भावाला वाचवायला आज खोटं बोलताय ना. मी म्हणाले की खोटं त्या दिवशी बोलले, स्वतःला वाचवायला. न्यायाधीशसाहेबांनी मान वर करून बघितलं आणि ते वाक्य मला पुन्हा म्हणायला लावलं, सावकाश, लिहून घेता यावं म्हणून.

बाहेर आल्यावर दादाने माझी पिशवी हातातून घेतली आणि म्हणाला की बे, आज तर तू वकिलीण झाली. एप्रिलनंतर पहिल्यांदा तो मला बे म्हणाला.

निकाल मार्चमध्ये. तोवर माझ्यासाठी थोडी काळजी तुम्हीही करा, माझ्या एकटीने होत नाही.

तुमची,
अपेक्षा

*

धामणखेड
२८ मार्च २०२६

ती. मामा-मामींना,
जयभीम, जयभीम, जयभीम!

निर्दोष! मंगळवारी निकाल लागला, सगळ्या कलमांतून. फोन केला तर मामींनी उचलला आणि त्या एवढ्या जोरात ओरडल्या की तुम्हालाही ऐकू गेलं असेल. पण निकालात काय लिहिलंय ते मामींना फोनवर सांगायचं राहिलं, म्हणून हे पत्र. लिहिलंय की साक्षीदार क्रमांक तीन हिने आपली चूक लपवली नाही, म्हणून बाकीच्या तिच्या सांगण्यावर विश्वास ठेवण्यास हरकत नाही. मी ते ओळीखाली बोट धरून वाचलं, तुमच्याकडे समन्स वाचायची तसं. माझा भित्रेपणा सरकारी कागदावर कायमचा नोंदला गेला, आणि मला लाज वाटायच्या ऐवजी पेढे वाटावेसे वाटले. वाटलेही. आईने पहिला पेढा दाराच्या कडीवर ठेवला. मुंग्या लागल्या.

दादा निकालाची नक्कल घेऊन एसटीच्या ऑफिसात जाऊन आला. यादी अजून चालू आहे, सहा एप्रिलला तो रुजू होतोय. पहिलं तिकीट मलकापूरचं फाडणार म्हणतो, तुमच्या नावाने. तुम्ही त्याला फुकट बसू द्या म्हणू नका, तो बसू देणार नाही.

एकच तंटा राहिलाय. काल गोकुळदादा जयंतीसाठी दार मागायला आला, तर आई उंबऱ्यातच आडवी उभी राहिली. म्हणाली की दार गेलं आणि माहं लेकरू गेलं, आता हे दार चौकटीतून हलणार नाही, लोखंडी टेबल भाड्याने आणा. मी आईला म्हणाले की आई, दार गेलं म्हणूनच तर दादा सुटला. ती आत गेली आणि ट्रंकेतून ते जुनं लुगडं काढून धुवायला टाकलं.

म्हणून तुम्ही दोघांनी या वर्षी यायचंच. मेणबत्ती तुमच्या हातची, मेणाचे थेंब मी मोजीन. आशीर्वाद असू द्या, आणि चुकले तर पूर्वीसारखं पत्राने कान धरा.

तुमची,
अपेक्षा (साक्षीदार क्र. ३)

ता. क. मंडळाच्या पोरांना मी निरोप दिला आहे की हात लावायचा नाही, नुसतं उचलायला या. बिजागऱ्या मी स्वतः काढणार, रविवारी, बारा एप्रिलला, सकाळी आठ वाजता.