तुमच्या शेवटच्या सीझनचं खोटं

प्रिय अहो,

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. आपली मंजिरी पार्सिपनीहून आली आहे, उद्या सगळ्यांसमोर तुमच्याबद्दल बोलणार आहे. सकाळी चहा घेताना तिने ते मला वाचून दाखवलं, आणि मला ठसकाच लागला. ती आत्ता भाजी आणायला गेलीये. ती येईपर्यंत तुमच्याशी बोलून घेते.

आठवतं ना तुमचं फर्मान? ऑगस्टमध्ये डॉक्टरांसमोर जाहीर केलंत, "हा फुटबॉलचा सीझन बघणार. संपला की डायलिसिस बंद." आठवड्यातून तीनदा त्या सुया, ते पायात येणारे गोळे, कंटाळला होतात, कळत होतं मला. पण बायकोला विचारावंसं एकदाही वाटलं नाही? त्या दिवसापासून तुमचा तो हाताने खेळायचा अमेरिकन फुटबॉल माझा झाला.

आणि टीम कसली हो! सुरुवातीला ओळीने हरत सुटली. तुम्हाला दिसत नव्हतं, टीव्हीतलं इंग्लिश नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून मी तुमच्या कानाशी बसून मराठीत कॉमेंटरी करायची. "पळाला, पळाला... पडला मेला!" तुम्ही चिडायचात, "सुधा, कोण पडला? नंबर सांग!" चाळीस वर्षं इथे ईडन प्रेरीत तुमच्या रविवारांना नावं ठेवणारी मी, देवापुढे बसून टचडाऊन मागत होते.

थँक्सगिव्हिंगनंतर त्यांच्या काय अंगात आलं कोण जाणे, जिंकायला लागले. सगळं शेवटच्या मॅचवर आलं. जिंकलो तर प्लेऑफ, म्हणजे आणखी एक रविवार. हरलो तर सोमवारी डायलिसिस नाही.

दोन पॉइंटांनी मागे. शेवटचे काही सेकंद आणि एकच किक. दोन खांबांमधून गेली की जिंकलो. तुम्ही माझं मनगट घट्ट धरलं होतंत. बॉल उडाला आणि डाव्या खांबाच्या बाहेरून गेला.

"काय झालं?"

"गेली," मी म्हणाले. मॅच गेली, एवढंच मला म्हणायचं होतं. तुमची शप्पथ!

तुम्ही मूठ वर केलीत. "गेली ना! मला माहीत होतं! उद्या डायलिसिस सेंटरला किती वाजता निघायचं गं?"

अहो, किक बाहेरून गेली, हे सांगायला कितीसा वेळ लागतो? मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "सातला." मग टीव्ही बंद केला.

तो आठवडा कसा काढला ते माझं मला माहीत. सेंटरमध्ये ज्याच्या त्याच्या तोंडी तीच किक. तुमचं कानातलं यंत्र मी मुद्दाम घरी विसरले. नर्स तुमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "सो सॉरी अबाउट द गेम." तुम्ही हसून, "थँक यू, थँक यू!" ती माझ्याकडे बघतच राहिली.

बुधवारी पायात असे गोळे आले की तुम्ही ओरडलात. पाय चोळता चोळता वाटलं, सांगून टाकावं, सुटू द्यावं यांना. तेवढ्यात तुम्ही विचारलंत, "रविवारी कोणाशी आहे?" मी एका टीमचं नाव ठोकून दिलं. माझ्या हावेपायी ते दुखणं सोसलंत तुम्ही. मला माफ कराल?

सीझन संपला म्हणून मंजिरी निघाली होती, पण बर्फामुळे तिची फ्लाइट दोनदा कॅन्सल झाली. ती गुरुवारी पोचली. शुक्रवारी सेंटरमधून आल्यावर तिने तुम्हाला मऊ भात भरवला, तुम्ही तिचा चेहरा हातांनी चाचपून पाहिलात. शनिवारी सकाळी तुम्ही गेलात.

तेव्हापासून पोरगी स्वतःला खात होती, आधी का नाही निघाले म्हणून. वर्षभराने आज पहिल्यांदा तिचा चेहरा निवलेला दिसला. वाचताना थांबून म्हणाली, "आई, ही वेटेड फॉर मी. बाबा माझ्यासाठी थांबले होते ना?"

तुम्ही प्लेऑफसाठी थांबला होतात! आणि प्लेऑफ नव्हताच. आपण हरलो होतो, अहो. रागवायचं तर माझ्यावर रागवा.

पण मंजिरीला हे कधीच कळणार नाही, शब्द देते. उद्या ती बोलेल तेव्हा मी पहिल्या रांगेत बसून मान डोलावीन. आणि हा कागद तिची गाडी दारात यायच्या आत फाडून टाकते.

तुमचीच,
सुधा