भट्टीवर गेलेल्याचं नाव

कातकरवाडी, ता. जावळी
१४ मे १९७१

चि. कृष्णात यास रंगूआक्काचा आशीर्वाद, वि. वि.

दोन पत्रं टाकली, एकाचंबी उत्तर न्हाई. सांगलीच्या हळदपेठेत पोती उचलून तुझे हात दुखत असतील, पण तुझी थोरली चौथीत हाय. तिनं चार ओळी खरडल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

मार्चात खानेसुमारीचे गुरुजी आले तवा आमी सगळी कोळशाच्या भट्ट्यांवर कोकणात उतरलो होतो. वाडीत अकरा म्हातारी. गुरुजींनी आईला विचारलं, घरात किती माणसं. ती म्हणाली, मी एकटी. भट्टीवर गेलेल्याचं नाव तो परत येईस्तोवर घ्यायचं न्हाई, ही आपली रीत. बाकीच्यांनीबी तीच पाळली. गुरुजी अकरा लिहून चहा पिऊन गेले.

आता मी विहीर मागाय तालुक्याला गेले, तर साहेब कागद बघून म्हणतो, अकरा माणसांना झरा पुरतो. मी म्हणाले, दरीत उतरून दोन हंडे वर आणून दाखवा, मग पुरतो का सांगा. तवा त्यानं फेरमोजणी दिली. सोमवारी, सात जूनला. निदान चाळीस माणसं उभी पायजेत. आमी तेवीस परत आलो, म्हणजे चौतीस झाली. तुझी सहा धरली की चाळीस. सगळ्यांना घेऊन ये.

पोरांना पापा. माया हाय म्हणतोस, ती आता दिसू दे.
तुझी रंगूआक्का

सांगली
२२ मे १९७१

ती. रंगूआक्का हिस कृष्णातचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

पत्र पोचलं. उशीर झाला, माफ कर. हळदीचा हंगाम आहे, दिवसाला दोनशे पोती खांद्यावरून जातात.

आक्का, आमची मोजणी इथं झाली. रेशनकार्डावर सहाही नावं आहेत. दोन ठिकाणी उभं राहिलं तर गुन्हा होतो, असं अडत्याचे दिवाणजी म्हणाले. आणि खरं सांगायचं तर इथं शेजारीपाजारी आम्हाला जावळीकडचे कुणबी समजतात. मी कधी सांगितलं नाही, त्यांनी कधी विचारलं नाही. कातकरवाडीत मोजून घेतलं आणि ते इथं कळलं, तर अंजना म्हणते खोली सोडावी लागेल. चार वर्षांनी कुठं तिच्या दारात नळ आला आहे.

आईला माझा नमस्कार सांग. रागावलीस तरी मला तोडू नकोस.
तुझा कृष्णात

कातकरवाडी
२७ मे १९७१

चि. कृष्णात यास आशीर्वाद.

अंजनाच्या दारात नळ आला, बरं झालं. आमच्या दारात यावा असं मी म्हणत न्हाई, माळावर एक विहीर पुरे. पाणी असलं तर निम्मी वाडी उन्हाळ्यात भट्टीवर जायची थांबंल. खालच्या गावच्या रहाटाला आपण हात लावलेला चालत न्हाई, हे तू कुणबी झालास तरी विसरला नसशील.

मी साहेबाला गुन्ह्याचं विचारून आले. तो म्हणाला, ही मोजणी विहिरीपुरती हाय. ज्याचं घर वाडीत हाय आणि जो मी इथला म्हणंल, तो धरायचा. तुझं खोपट उभं हाय. गेल्या साली मीच शाकारलं.

एक लिहिते, मग पत्र बंद करते. तू गेल्यापासनं आईनं तुझं नाव घेतलं न्हाई. मला वाटायचं, रागानं. परवा विचारलं तर म्हणाली, तो भट्टीवर गेलाय, आल्यावर घेईन. चार वर्षं ती रीत पाळतीया. तू येणार नसशील तर तसं स्वच्छ लिही. मी तिला सांगते की तो भट्टीवर न्हाई, तिकडंच राह्यला. मग तिला तुझं नाव घ्यायला हरकत न्हाई, आणि खोपट शेजारच्या आकारामच्या लेकाला देते.

काय ते बुधवारपर्यंत कळव, दोन जूनला. पोस्टमन आठवड्यातनं एकदाच, बुधवारीच वर चढतो, म्हणून हे पत्र मीच आज खाली जाऊन पेटीत टाकते.

रंगूआक्का