कूलरखालची कुजकी फळी

मंगळवार, अमरावती

लिहायचं टाळतच होतो. लिहिलं की खरं होईल, म्हणून. रूपालीचं लग्न ठरलं, माझ्याशी नाही.

तरी आज अकोल्याला गेलोच, आम्ही दोघांनी घ्यायची ठरवलेली ती जुनी घरगाडी, म्हणजे आत पलंग टाकलेली व्हॅन, बघायला. इंजिन बरं, छत कोरडं. पण मालकानं खिडकीत कूलर बसवलेला, त्याचं पाणी झिरपून पलंगाची कूलरकडची फळी कुजलेली. दाबली तर अंगठा आत गेला.

"अकोल्याच्या उन्हायात कूलरबिगर झोप येते काय?" मालककाका म्हणाले. "दोघं हिंडसान ना?"

"एकटाच."

"मंग एका अंगाले झोपजो. तिकडची फळी शाबूत हाय."

हसलो. बसमध्ये रडलो. अंगठा अजून ओला वाटतो. घेऊ का गाडी? काहून घेऊ?

आई हाक मारून राहिली. रूपालीचे बाबा दारात आलेत. विचारतात, पोरगी इकडं आली काय?