जळका पंख

सोरेंतो, फेब्रुवारी

प्रिय अनिएल्लो,

माझं अक्षर बघून दचकू नकोस, भांडायला लिहीत नाहीये. भांडायचं होतं तेव्हा तू बोटीत बसून ब्वेनोस आयरेस गाठलंस. इथे थंडीसाठी लिंबाच्या झाडांवर घातलेल्या चटया अजून उतरल्या नाहीत, आणि तुझी आत्या अजूनही मला बघून सुस्कारे टाकते. टाकू दे.

आपल्या लग्नासाठी तुझ्या बाबांनी धरलेलं मेजाचं काम आठवतं ना? अक्रोडाच्या आणि संत्र्याच्या लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक ठेवून त्यांनी दोन्हींतून एकदमच पाकोळ्या कापल्या. अक्रोडाच्या पाकोळ्या संत्र्यात बसवायच्या, संत्र्याच्या अक्रोडात. म्हणजे एका कापात दोन मेजं. एक आपल्याला, दुसरं आपल्या लेकीला, म्हणाले होते. कसलं लग्न, कसली लेक आणि कसलं काय!

तू गेलास आणि वर्षभरात त्यांची नजर गेली. पाकोळ्या डब्यात तशाच पडून. मग मीच रोज त्यांच्याकडे कामाला जायला लागले. पंखांना सावलीसारखी गडद छटा आणायला कडा तापलेल्या वाळूत धरायच्या. मी धरायची, ते शेजारी बसून वास घ्यायचे आणि म्हणायचे, "काढ आता, सूनबाई." त्यांचा अंदाज कधी चुकला नाही.

मागच्या उन्हाळ्यात तुमच्याकडून परतलेल्या एका खलाशानं बंदरावर तुझ्या लग्नाची बातमी सांगितली. त्या दिवशी ते 'काढ' म्हणाले, आणि मला ऐकूच आलं नाही. पंखाचा कोळसा झाला. मी त्यांना काही सांगितलं नाही. म्हातारा तुझ्या वाटेवर डोळे लावून होता, कुठल्या तोंडानं सांगणार? त्यांनीही विचारलं नाही. तो पंख मात्र टाकू दिला नाही.

गेल्या आठवड्यात शेवटची पाकोळी बसली. त्यांनी दोन्ही मेजांवरून बोटं फिरवली आणि म्हणाले, "पोरी, त्यानं तिकडं लग्न केलंय ना? पंख जळला त्या दिवशीच कळलं मला. बोललो असतो तर तू यायची थांबली असतीस."

मी खूप रडले, अनिएल्लो. तू गेलास तेव्हाही इतकी रडले नव्हते.

रविवारी पहाटे बाबा गेले. हेच कळवायला बसले होते. संत्र्याचं मेज बोटीनं पाठवते आहे. ते तुझ्या बायकोला द्यायचं, असं त्यांनीच सांगून ठेवलं होतं. तिला म्हणावं, ओलं फडकं लावू नकोस. अक्रोडाचं माझ्याकडे राहील, जळक्या पंखासकट.

तुझ्या बाबांची सूनबाई,
राफिलीना